गाडीत कोण कुठे बसणार

१४ जून

रुसाताई,

आज सकाळी मी बाबांची गाडी धुतली. गोठ्याचं दार उघडून ताडपत्री ओढली, तर आतून एक कोंबडी ओरडत बाहेर पडली. मागची काच थोडी उघडी राहिलेली पाहून तिने सीटवर संसार थाटला होता. अंडी टोपलीत हलवून तिला वर बसवलं, गवत काढलं, मग विहिरीवरून बादल्या आणून ओतत राहिलो. धुळीखालून हिरवा रंग वर आला तेव्हा बाबा आत बसलेत असं उगीच वाटून गेलं. बॅटरी कालच मालको तर्नोवोहून आणून ठेवली होती. किल्ली फिरवली. गाडी म्हाताऱ्या माणसासारखी खोकली, जरा थांबली आणि चालू झाली. मी छातीवर क्रूसाची खूण केली. एवढ्याशा गोष्टीसाठी देवाला त्रास देऊ नये हे कळतं, पण हात आपोआप गेला.

आई दारात उभी राहून बघत होती.

"कुणाचं लग्न आहे?"

"कुणाचं नाही. समुद्रावर जायचंय."

"कुणाला?"

"तुला."

"का? मला काय झालंय?"

तिला काही झालेलं नाही, ताई, काळजी करू नकोस. म्हणून तर पत्र लिहितोय. फोन केला की माझा आवाज ऐकताच तू विचारतेस, "कोण गेलं?" कुणीही गेलेलं नाही. आम्हीच जाणार आहोत, तीन दिवसांसाठी, सप्टेंबरच्या सातला. तोवर समुद्रावरची गर्दी ओसरते आणि पाणी मात्र अजून कोमट असतं. आठला धाकट्या मरियामातेचा, म्हणजे तिच्या जन्माचा सण. त्या दिवशी आईला अख्तोपोलच्या देवळात मेणबत्ती लावता येईल.

मी ठरवलेला रस्ता असा. आधी बुर्गास. तिथून समुद्र डाव्या हाताला ठेवून खाली खाली यायचं. सोझोपोल, मग रोपोतामो नदीचा पूल, कितेन, त्सारेवो, अख्तोपोल, सिनेमोरेत्स. आणि शेवटी रेझोवो. तिथे रस्ताच संपतो. पुढे नदी, आणि नदीच्या पलीकडे तुर्कस्तान. लग्नानंतर आईबाबा याच वाटेने गेले होते, ती गोष्ट तू शंभरदा ऐकली आहेस. सरहद्दीच्या मुलखात जायला तेव्हा परवाना लागायचा आणि बाबांनी काढलेल्या परवान्यावर सिनेमोरेत्सपर्यंतच लिहिलेलं होतं. पहारेकऱ्याने गाडी तिथूनच वळवली. आई अजूनही म्हणते, "देश कुठे संपतो ते बघायचं राहिलंच माझं."

गाडी मी चालवीन. आई पुढे बसेल. मागे याना, बायकोला मागेच जागा मिळते. मागची दुसरी जागा रिकामी राहते. तिथे फळांची टोपली ठेवू, असं याना म्हणते. मी त्यावर अजून काही बोललेलो नाही.

आईने तुझी चौकशी केली आहे.

स्तामात

ता. क. यानाने पत्र वाचलं आणि म्हणाली, "आईंनी कधी चौकशी केली?" मी म्हटलं, काल तिने विचारलं नाही का, पोस्टमन येऊन गेला का म्हणून? "ती विजेच्या बिलासाठी," याना म्हणाली. असेल. पण विजेचं बिल महिन्यातून एकदा येतं आणि आई रोज विचारते.

८ जुलै

ताई,

तुझं कार्ड मिळालं. एकच ओळ लिहिलीस: 'टोपलीच ठेवा, टोपली उलटून बोलत नाही.' तरी मी ते कार्ड देव्हाऱ्यात, मरियामातेच्या तसबिरीमागे ठेवलं आहे. तुझं अक्षर तिला तरी दिसत राहू दे.

इकडे तयारीने वेग घेतला आहे. म्हणजे भांडणांनी. आईला हॉटेलचं जेवण नको. "हॉटेलात काय मिळतं? गरम पाणी आणि बिल." तेव्हा चीजची बानित्सा घरून न्यायची, तीही दोन तव्यांतली. एक पातळ पापुद्र्यांची आणि दुसरी, पहिली संपली तर म्हणून. उकडलेली अंडी, टोमॅटो, मिरच्या भाजून घातलेली चटणी, स्वतःची उशी. कालपासून त्यात कोंबडीची भर पडली आहे. त्याच कोंबडीची. तिची पिल्लं निघाली आहेत, आणि शेजारच्यांवर आईचा भरवसा नाही.

"आई, समुद्रावर कोंबडी कोण नेतं?"

"चोराच्या शेजारी राहणारे नेतात."

याना म्हणाली, "मग मागची जागा कोंबडीला. टोपली मी मांडीवर घेईन."

मी हसलो. मग माझ्या तोंडून निघून गेलं की ती जागा मी रुसाताईसाठी ठेवायचं म्हणतोय. आई शेंगा सोलत होती. तिचे हात थांबले नाहीत.

"तिच्या जर्मनीतल्या रोस्टॉकला समुद्र आहे की."

"तो थंड असतो, आई."

"मग तिच्यासारखाच आहे."

हे तुला लिहावं की नाही यावर मी दोन दिवस विचार केला. पण ताई, एवढ्या वर्षांत तुझं नाव निघालं की ती उठून कोंबड्यांना दाणे घालायला जायची. या वेळी ती जागेवरून उठली नाही. टोमणा मारला, पण बसून मारला.

त्या दिवसाबद्दल मी लिहिणार नव्हतो. पण आता गाडीतल्या जागेचा प्रश्न आला, तेव्हा लिहितो. बाबांना पुरून आलो होतो. अंगणात टेबलं मांडली होती, सगळ्यांच्या हातात बाबांच्या नावाचे गोड शिजवलेले गहू होते, अक्रोड घातलेले. आईने तुला सगळ्यांदेखत विचारलं, "चाळीसाव्या दिवसाच्या विधीपर्यंत राहशील ना?" आणि तू नाही म्हणालीस. शब्दाने नव्हे, मानेने. मी समोरच होतो, मीही पाहिलं. आई म्हणाली, "बरं. मग आत्ताच जा. पाचची बस मिळेल." तू गेलीस. तुला त्यातलं फक्त "आत्ताच जा" आठवतं हे मला ठाऊक आहे. पुढच्या ईस्टरच्या कार्डावर तू तेवढेच दोन शब्द लिहून पाठवले होतेस आणि आईने ते कार्ड चुलीत घातलं. अकरा वर्षं झाली.

कोण बरोबर आणि कोण चूक, ते मी विचारत नाही. माझी शाळा गावातली, आठवीपर्यंतची. एवढा हिशेब मला जमत नाही. मी फक्त एवढंच विचारतो, की बुर्गासच्या विमानतळावर सात सप्टेंबरला दुपारी जर्मनीहून विमान येतं, हे तुला माहीत आहे का?

स्तामात

२ ऑगस्ट

ताई,

हे पत्र मी अख्तोपोलहून लिहितोय, डेस्पिनाबाईंच्या ओसरीवर बसून. घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही.

खोल्या बघायला आलो होतो. आईचं म्हणणं, पायऱ्या नकोत, अंगणात अंजिराचं झाड हवं आणि घरमालकीण विधवा हवी. "नवरा असला की रात्री उशिरापर्यंत राकियाचे पेले चालतात." अशी खोली कुठे मिळणार म्हणून मी देवाचं नाव घेऊन निघालो, आणि पहिल्याच दारात अंजीर, विधवा, सगळं भेटलं. डेस्पिनाबाई अंगणात चादरी वाळत घालत होत्या. तोंडात लाकडी चिमटे धरलेले. मला त्यांनी हातानेच बसायला सांगितलं.

तेवढ्यात फाटकातून एक म्हातारं जोडपं आत आलं. जर्मन. नवऱ्याने टोपी काढून मोडक्यातोडक्या आपल्या भाषेत विचारलं, "खोली आहे?"

डेस्पिनाबाईंच्या तोंडात चिमटे. त्यांनी छान हसून मान डावीकडे उजवीकडे हलवली. आहे, आहे, म्हणून.

नवऱ्याचा चेहरा पडला. त्याने टोपी घातली, बायकोची पिशवी उचलली आणि दोघं चालायला लागली.

"अहो!" बाईंनी चिमटे गवतात थुंकले. "अहो, कुठे निघालात? आहे म्हटलं ना मी! अगं बाई, परत तेच! या उन्हाळ्यात कितव्यांदा झालं हे! देवाने मान एकच दिली, ती प्रत्येक देशात वेगळी कशी हलवायची हो?"

मी धावत जाऊन त्या दोघांना परत आणलं. बाई बोटांनी झोपायच्या, उशीच्या खुणा करू लागल्या. मग त्या जर्मन बाईच्या लक्षात आलं. ती खळखळून हसली आणि मान वर-खाली, वर-खाली हलवायला लागली.

"बघा," डेस्पिनाबाई मला म्हणाल्या, "आता ती नको म्हणतेय."

"नको नाही," मी म्हटलं. "हातातली पिशवी तुमच्याकडे देतेय की. ती हो म्हणतेय."

आणि हे बोलताना मला आपलं अंगण आठवलं. मी अंजिराच्या झाडाखाली बसलो. बाईंना वाटलं मला ऊन लागलं, त्यांनी पाणी आणून दिलं.

ताई, तुझ्या तोंडात तेव्हा गव्हाचा घास होता. तू बोलली नाहीस, मान वर-खाली केलीस. आपल्या अंगणात वर-खाली म्हणजे नाही. आईला 'नाही' दिसलं, मला 'नाही' दिसलं, अख्ख्या गावाला 'नाही' दिसलं. पण तुला तेव्हा तिकडे जाऊन बारा वर्षं झाली होती. बारा वर्षं तू दुकानात, दवाखान्यात, शेजारणीशी त्यांच्यासारखी मान हलवत होतीस.

मी एकच विचारतो. ती मान कुठल्या देशाची होती?

लवकर लिही. कार्डावर लिहू नकोस, एक ओळ पुरायची नाही.

स्तामात

२३ ऑगस्ट

ताई,

तुझं जाड पाकीट गुरुवारी आलं. मी ते सरळ घरी आणलं नाही. आधी देवळात गेलो, एक मेणबत्ती लावली, पायरीवर बसून वाचलं. 'जर्मनीची, रे स्तामात, जर्मनीची! मी तर हो म्हणाले होते. माझे कपडे कपाटात लावून झाले होते. बेकरीत फोन करून रजा मागितली होती. आणि आई म्हणाली, आत्ताच जा.' तिथपर्यंत वाचलं आणि मग मला अक्षरं दिसेनात. पुजारी महिन्यातून एकदाच येतो, त्यामुळे देवळात कुणी नव्हतं. ते बरं झालं.

मग आईला कसं सांगितलं ते ऐक.

ती चुलीपाशी होती, यानाला बानित्साचे पापुद्रे ताणायला शिकवत होती. याना पंचवीस वर्षं हे करतेय, पण आई अजून शिकवते. मी म्हटलं, "आई, बाबांच्या मातीच्या दिवशी रुसाने मान कशी हलवली होती, आठवतं?"

"अशी." तिने मान वर-खाली केली. इतक्या वर्षांनी, लगेच. जणू रोज करून बघत असावी.

"जर्मनीत तसं केलं की 'हो' होतं."

आई म्हणाली, "जर्मनीत काय वाटेल ते होईल. ही मुलगी स्त्रांजाच्या डोंगरात जन्मली."

मग मी पत्र वाचून दाखवलं. कपाटाचं वाचलं, बेकरीचं वाचलं. याना पापुद्रा हातात धरून तशीच उभी राहिली, तो मधोमध फाटला, आणि आई तिला काही बोलली नाही. त्यावरून मला कळलं की तिने ऐकलंय.

बराच वेळ ती हात पुसत राहिली.

"मग तोंडाने का नाही बोलली?"

"घास होता तोंडात, आई."

"गिळून बोलायचं होतं."

आणि मग तिचाच चेहरा हळूहळू बदलला.

"घास तोंडात असताना बोलायचं नाही," ती म्हणाली. "हे मीच शिकवलं तिला. चमच्याने मारून शिकवलं. तू कधी शिकला नाहीस, ती शिकली."

एवढं बोलून ती खाली बसली आणि हसायला लागली. ताई, मला आधी वाटलं रडतेय. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ती हसत होती, मांडीवर हात मारत. "गुणाची पोर माझी! बापाच्या मातीला आली तरी तोंडात घास असताना बोलली नाही! आणि मी म्हटलं, पाचची बस!" मग यानाही हसायला लागली, आणि मीही. बाबांनी हे पाहिलं असतं तर म्हणाले असते, माझ्या घरात सगळ्यांना वेड लागलंय, आणि स्वतःसाठी ग्लास भरला असता.

त्यानंतर गाडीतल्या जागा पुन्हा ठरल्या. आई पुढे बसत नाही. पुढे तू. तुला वळणांवर मळमळतं, हे तिला आठवतं. मागे ती आणि याना. कोंबडी रद्द. शेजारणीकडे ठेवायची ठरली. "चोर आहे, पण कोंबडीला जीव लावते," असा नवा निकाल लागला आहे. बानित्साचे तवे दोनावरून तीनावर गेले.

आता एक अडचण. तू लिहितेस, 'मी येते, तिकीट काढलंय, पण तू मध्ये राहा. पहिल्यांदा तूच बोल, मला सुचणार नाही.' आणि आई काल रात्री म्हणते, "आपण गेलो की तू पुढे हो. तू बोल आधी. मी मागून येते." याना म्हणाली, "दोघींच्या मध्ये बसायचं तर मग गाडी कोण चालवणार?"

सध्या विचार करतोय. इतकी वर्षं मी तुझा निरोप आईला सांगितला आणि आईचा तुला, आणि प्रत्येक वेळी त्याला जरा साखर लावली. साखर लावली म्हणून निरोप पोचला असं होत नाही, हे मला देवळाच्या पायरीवर उमगलं. देवापुढेही आपण दुसऱ्याच्या वतीने हात जोडू शकतो, पण दुसऱ्याच्या वतीने क्षमा मागू शकत नाही. मागायची असेल तर त्याला स्वतः यावं लागतं.

म्हणून तुला आधीच कबूल करत नाही की मी पुढे होईन. पण ये.

स्तामात

७ सप्टेंबर, बुर्गास विमानतळ, गाड्या लावतात ती जागा

ताई,

हे पत्र पोस्टात जाणार नाही. पुढच्या सीटवर, तुझ्या जागेवर ठेवतोय. तू दार उघडलंस की दिसेल.

पहाटे निघालो. आईने शेवटच्या क्षणी उशी नको म्हटलं, म्हणून मला वाटलं सुरळीत होईल. मग बोसना डोंगराच्या चढावर तिला आठवलं की मीठ राहिलं. अंड्यांना मीठ नाही म्हणजे काय? परत फिरायचं नाही म्हणून मी एका दुकानाशी थांबलो. दुकान उघडायचं होतं. तिने दार वाजवून दुकानदाराला उठवलं, त्याच्याकडून मीठ घेतलं आणि वर त्याला बानित्सा खाऊ घातली. तो अजून तिला आशीर्वाद देत असेल. जंगल संपलं, उतार लागला आणि लांबवर समुद्र दिसला, तेव्हा ती बोलायची थांबली. खिडकीची काच खाली केली आणि नाक बाहेर काढून बसली.

"येतोय का माशांचा वास?" यानाने विचारलं.

"येतोय," ती म्हणाली. "वारा सुटला की आपल्या अंगणात येतो तोच आहे."

इथे पोचलो तेव्हा विमानाला वेळ होता. आईने आरसा मागितला. केसांवरचा रुमाल सोडला, परत बांधला, परत सोडला. निळा बांधू की पांढरा? याना म्हणाली निळा. मग तिने पांढरा बांधला. मग दारावरच्या फलकावर तुझं विमान उतरलं असं आलं आणि ती माझ्याकडे बघायला लागली.

"चल. उतर. तू आधी बोलायचं ठरलंय."

"माझं काही ठरलेलं नाही, आई. तू एकटी जा."

"मी? आणि काय बोलू मी तिच्याशी?"

"ते मला विचारू नकोस."

"तू काल का नाही सांगितलंस मला?"

"काल सांगितलं असतं तर तू आली नसतीस."

ती मला एक वाक्य बोलली, ते इथे लिहीत नाही. देवाच्या आईच्या सणाच्या आदल्या दिवशी तसं बोलू नये. पण उतरली. पिशवीतून बानित्साचा एक तुकडा कागदात गुंडाळून घेतला. घोट्यापर्यंत आलेला झगा सारखा केला. याना म्हणाली, "अरे, आत केवढी गर्दी आहे. हरवतील त्या!" ती उतरायला निघाली तेव्हा मी तिची बाही धरली. म्हटलं, हरवू दे. सापडेल कुणाला तरी.

आई गाड्यांच्या मधून चालत गेली. मोठ्या काचेच्या दाराशी पोचली. दार आपोआप उघडलं तशी दचकून एक पाऊल मागे आली, आणि मग वळून तिने माझ्याकडे बघत जोरात हात केला, ये, ये म्हणून. एकदा. परत एकदा.

मी किल्ली काढून खिशात घातली आणि जागेवरून उठलो नाही. ती आत गेली.

स्तामात